नाशिकमध्ये चांगली आणि परवडणारी सुशी कशी शोधायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नाशिकला मिसळ कुठे खायची हे रिक्षावाल्याला विचारलं तरी तो तीन नावं सांगतो, वर प्रत्येकाच्या तर्रीवर मतही देतो. सुशीचं विचारलं की मित्रमंडळी एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "कॉलेज रोडला आहे ना एक, ते चायनीजवालं?" त्या "एक आहे ना"च्या भरवशावर जाऊन हजार-बाराशे रुपये घालवून, कडक भात आणि मेयोनीज खाऊन परत आलेले लोक मला बरेच भेटलेत. त्यांच्यासाठी आणि नुकतेच नोकरी-शिक्षणासाठी नाशिकला आलेल्यांसाठी हे लिहितोय.

रेस्टॉरंटची नावं मी मुद्दाम देत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुशी एक-दोन कारागिरांच्या हातावर चालते. तो माणूस पुण्याला किंवा गोव्याला गेला की मेनूकार्ड तेच राहतं आणि रोल बदलतो. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या यादीपेक्षा आजच्या आज जागा पारखता येणं जास्त कामाचं. आणि पारख करायची ती आधी भाताची, मग खपाची, आणि सगळ्यात शेवटी माशाची. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात.

निघण्याआधी जवळ काय हवं

- फोनमध्ये गुगल मॅप्स, झोमॅटो आणि स्विगी. तिन्ही हवेत, कारण तिन्हींवरचे भाव आणि फोटो वेगळे असतात.
- दोन जणांचं बजेट, कर धरून, आधी ठरवलेलं.
- अॅलर्जीची यादी: मासे, कोळंबी-खेकडा, सोया, तीळ, गहू, अंडं. सुशीत या सगळ्यांशी गाठ पडू शकते. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतोच.
- शाकाहारी किंवा जैन असाल तर पायरी ७ मधले प्रश्न फोनमध्ये लिहून ठेवा.
- एक सोबती. एकट्याने गेलात तर एकच रोल मागवून होतो आणि एका रोलवरून जागा कळत नाही.

१. मेनूवरचे चार-पाच प्रकार ओळखायला शिका

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही पहिली गैरसमजूत. सुशीचा पाया भात आहे: आखूड दाण्याचा चिकट तांदूळ शिजवून त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला. वर किंवा आत काय जाईल ते नंतरचं. काकडी घातली तरी ती सुशीच. उलट नुसते कच्च्या माशाचे काप आले, भात नाही, तर ती साशिमी. मेनूत ती सुशीच्या पानावर छापलेली असते आणि महागही असते. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करायचं काही कारण नाही.

माकी म्हणजे गुंडाळी: नोरी नावाच्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यावर भात पसरून, मध्ये सारण ठेवून सुरळीच्या वडीसारखं वळायचं आणि कापायचं. नोरी बाहेर असेल आणि गुंडाळी बारीक असेल तर होसोमाकी, भात बाहेर आणि नोरी आत असेल तर उरामाकी. नाशिकमध्ये जे "रोल" म्हणून मिळतं ते जवळजवळ सगळं उरामाकी असतं. हाताने दाबलेल्या भाताच्या गोळीवर माशाचा काप ठेवला की निगिरी. नोरीचा कोन करून भरला तर तेमाकी. गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरला तर इनारी, जी मेनूत दिसली तर जरूर मागवा. ती स्वस्त असते आणि बिघडवायला अवघड.

दडपण घेऊ नका. आज ओळखतो ती निगिरी १८२० च्या दशकात एडो, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर लोकप्रिय झाली. फिरत्या पट्ट्यावर ताटल्यांतून येणारी स्वस्त सुशी ओसाकाजवळ १९५८ मध्ये सुरू झाली. उभ्या-उभ्या खायच्या या पदार्थाला आपल्याकडे मंद दिवे आणि चामडी मेनूकार्ड लागलं, त्याला सुशीचा इलाज नाही.

२. कोणत्या भागात शोधायचं

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड हा पट्टा आधी बघा, त्याला लागून महात्मानगर. तरुण गिऱ्हाईक, कॅफे आणि पॅन-एशियन म्हणवणारी रेस्टॉरंट इथे दाट आहेत. दुसरा टप्पा मुंबई नाका, गोविंदनगर, इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्यापर्यंतचा. मोठी हॉटेलं याच बाजूला आहेत, आणि हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये सुशी असली तर भाव वर जातो. त्र्यंबक रोड आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरी-रिसॉर्टमध्ये कधीकधी आशियाई मेनू असतो. तिथे जेवणापेक्षा संध्याकाळचे पैसे लागतात, हे धरून चाला.

नाशिक रोड आणि देवळाली कॅम्पला शोध जरा पातळ होतो. तिकडे राहत असाल तर कॉलेज रोडवरून घरपोच मागवण्याआधी पायरी ९ वाचा. पंचवटीत, रामकुंडाच्या परिसरात सुशी शोधू नका, तिथे जे चांगलं मिळतं ते खा.

आणखी एक जागा कुणी मोजत नाही: लग्नाचे लॉन्स. हल्ली बऱ्याच लग्नांत "लाइव्ह सुशी काउंटर" असतो. फुकट शिकायला तो उत्तम. काकडी, अॅव्होकॅडो, क्रीम चीज असले रोल तिथे खाऊन बघा, नोरीची चव आवडते का ते कळेल. उघड्यावर, दिव्यांच्या उष्णतेत ठेवलेला कच्चा मासा मात्र नवरा-नवरी कितीही जवळचे असले तरी नको.

३. घरी बसूनच निम्मी नावं गाळा

मॅप्सवर इंग्रजी स्पेलिंगने "सुशी नाशिक" शोधलंत की यादी फुगलेली येते, कारण मोमो विकणाराही स्वतःला एशियन लिहितो. ती अशी चाळा.

रेस्टॉरंटच्या एकूण तारांकडे बघू नका. ४.५ तारे बटर चिकनला मिळालेले असतात. प्रतिक्रियांच्या शोधपट्टीत सुशी टाका आणि "सर्वात नवीन" क्रमाने लावा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणीही सुशीचा उल्लेख केला नसेल तर ती मेनूवर आहे, स्वयंपाकघरात नाही.

मग फोटो, पण गिऱ्हाइकांनी टाकलेले. रेस्टॉरंटने टाकलेला काळ्या पाटीवरचा चकचकीत फोटो तुम्हाला आणखी चार ठिकाणी सापडेल. खऱ्या फोटोत तीन गोष्टी बघा. भाताचा थर सारणापेक्षा किती जाड आहे. तुकडे एकाच मापाचे कापलेत की शेवटचे दोन चेपलेले आहेत. आणि वरून सॉसच्या रेघा किती. प्रत्येक रोल केशरी मेयोनीजखाली पुरला असेल तर खाली लपवण्यासारखं काहीतरी आहे.

मेनूचा फोटोही वाचा. सुशीचे सहा-आठ प्रकार असलेली जागा मला पंचवीस प्रकारवाल्या जागेपेक्षा बरी वाटते. नाशिकसारख्या शहरात पंचवीस प्रकारांचा माल ताजा ठेवण्याइतका खप होत नाही.

४. एक फोन करा

लोक याला लाजतात. खरं तर दोन मिनिटांच्या फोनने सगळ्यात जास्त पैसे वाचतात. दुपारी साडेतीन-चारला करा, तेव्हा गर्दी नसते आणि उचलणारा बोलायला तयार असतो. अनेक ठिकाणी सुशी बनवणारे मणिपूर, नागालँड, दार्जिलिंग किंवा नेपाळकडचे असतात, म्हणून काउंटरवरच्या दादांशी मराठीत आणि शेफशी हिंदीत बोलायची तयारी ठेवा. विचारायचं ते असं:

"दादा, सुशी रोज असते का, की ठरावीक दिवशी?"

"भात दिवसातून किती वेळा लावता?" दोनदा, म्हणजे दुपारी आणि संध्याकाळी, हे चांगलं उत्तर. "सकाळीच करून ठेवतो" म्हटलं तर रात्री साडेनऊला जाऊ नका.

"सॅल्मन आहे का? गोठवलेला येतो का?" या उत्तराचा अर्थ पायरी ६ मध्ये.

"एका प्लेटमध्ये तुकडे किती? चारची अर्धी प्लेट मिळेल का?"

समोरचा माणूस शेफला विचारून सांगतो म्हणाला, तर ती जागा खालच्या यादीत टाकू नका, उलट वर घ्या. वाईट उत्तर म्हणजे प्रत्येक प्रश्नाला "सगळं फ्रेश आहे सर".

५. पहिल्या भेटीत काय मागवायचं आणि भात कसा तपासायचा

दोघांत दोन रोल मागवा: एक अगदी साधा आणि एक शिजवलेल्या सारणाचा. साधा म्हणजे काकडीचा किंवा अॅव्होकॅडोचा. शिजवलेला म्हणजे कोळंबी टेंपुरा (पातळ पिठात बुडवून तळलेली), चिकन कात्सू (ब्रेडचा चुरा लावून तळलेलं) किंवा क्रॅब स्टिक. यात कच्चं काही नाही, भाव मध्यम असतो आणि कारागिराचा हात लगेच कळतो. "ड्रॅगन", "व्होल्केनो", "डायनामाइट" अशी नावं असलेले रोल पहिल्या दिवशी नकोत. त्यांत तळण आणि सॉस इतका की भात दिसतच नाही, आणि भातच तर बघायचाय.

क्रॅब स्टिकमध्ये बहुधा खेकडा नसतो, एवढं लक्षात ठेवा. पांढऱ्या माशाच्या लगद्याला स्टार्च, अंड्याचा पांढरा भाग आणि स्वाद घालून ती कांडी करतात. चवीला वाईट नाही, पण खेकड्याच्या भावाने विकली जात असेल तर बोला.

आता ताटली आली. पहिला तुकडा सोया सॉस न लावता खा.

भात खोलीच्या तापमानाचा किंवा किंचित कोमट असायला हवा. थंडगार आणि कडक लागला तर तो फ्रिजमधून आलाय. शिजलेल्या भाताचा स्टार्च फ्रिजमध्ये पुन्हा आवळतो आणि दाणा टणक होतो. नंतर कितीही सॉस लावा, तो मऊ होत नाही. दाणे एकमेकांना धरून पण वेगवेगळे दिसायला हवेत. लगदा झाला असेल तर पाणी जास्त, चॉपस्टिकने उचलताच सांडला तर तांदूळ चुकीचा. आंबट-गोड चव जिभेला मागून जाणवली पाहिजे. काहीच जाणवत नसेल तर व्हिनेगर वाचवलंय. हे निव्वळ चवीचं नाही: भात पुरेसा आंबट असेल तर त्यात जंतू वाढायला अडचण होते, म्हणूनच सुशीचा भात काही तास बाहेर ठेवता येतो. बिनव्हिनेगरचा भात तसा ठेवणं धोक्याचं.

काही ठिकाणी जपानी तांदळाऐवजी आपला इंद्रायणी वापरतात. नाक मुरडू नका. इगतपुरी-घोटीकडचा चांगला इंद्रायणी नीट शिजवला तर रोलला पुरेसा चिकटतो, आणि त्याचा वास मला तरी आवडतो. फक्त मग भावही त्या मानाने हवा.

नोरी चावताना तुटली पाहिजे. ताणून ओढावी लागली तर रोल बराच आधी वळून ठेवलाय, किंवा पुडा पावसाळी हवेत उघडा राहिलाय. हिरवी वसाबी, म्हणजे सोबत येणारी झणझणीत चटणी, बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ), मोहरी आणि रंग यांचं मिश्रण असते, मुंबईतही आणि जपानबाहेर जवळपास सगळीकडेच. त्यासाठी जागेचे गुण कापू नका. गुलाबी आल्याचे काप दोन रोलच्या मधे तोंड साफ करायला असतात, रोलवर रचायला नाही. हाताने खाल्लं तर चालतं, जपानमध्येही चालतं.

भात पास झाला तरच दुसऱ्या भेटीत पुढे जा. भात नापास तर तिथला मासा कितीही स्वस्त असो, विषय संपला.

६. कच्चा मासा: इथे घाई नको

आपण कोळीवाड्याच्या राज्यातले. मासा म्हटलं की आपल्या डोक्यात "आजचा, ताजा, बर्फ न लागलेला" हीच कसोटी असते. कालवणासाठी ती बरोबर आहे. कच्चा खायचा असेल तर कसोटी बदलते. समुद्री माशांत अॅनिसाकिससारखे परजीवी कृमी असू शकतात, आणि नुसत्या ताजेपणाने ते जात नाहीत. ते मरतात शिजवल्याने किंवा खोल गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न नियमांत त्यासाठी उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास, असं माप आहे. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा यासाठी भरवशाचा नाही. तेव्हा फोनवर "गोठवलेला येतो" हे उत्तर मिळालं तर ते लाजिरवाणं नाही, तेच ऐकायचं होतं. "आज सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आला, ताजा आहे, साशिमी करून देतो" असं कुणी म्हटलं तर हात जोडून कोळंबी टेंपुरा मागवा.

जपानी लोकसुद्धा कच्चा सॅल्मन पूर्वी सहसा खात नसत, त्यांच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये कृमी असत म्हणून. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सॅल्मन तिकडे नेटाने विकायला घेतला, त्यानंतर ती चव रुळली. आपल्याकडे सुशीत येणारा खरा सॅल्मनही आयातच असतो. यातून एक फायदा: १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेट महागतं, पण सॅल्मनच्या रोलवर त्याचा थेट परिणाम व्हायचं कारण नाही.

आता सापळे.

मेनूवर "इंडियन सॅल्मन" लिहिलं असेल तर तो रावस. रावस तळून खा, जीव टाकावा असा मासा आहे, पण तो सॅल्मनच्या कुळातला नाही आणि मांसही नारिंगी नसतं. खऱ्या सॅल्मनचा भाव देऊ नका आणि कच्चा खाऊ नका.

धरणातला, नदीतला कोणताही मासा (रोहू, कटला, तिलापिया) कच्चा नको. गोड्या पाण्यातल्या माशांतून येणारे कृमी वेगळे आणि जास्त त्रासदायक.

ट्यूना नीट थंड ठेवला गेला नाही तर त्यात हिस्टामीन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं, आणि ते पुन्हा गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. तोंडात चुणचुण, चेहरा लाल, डोकं दुखणं असं तासाभरात होतं. पहिल्या घासाला तिखट झिणझिण्या आल्या आणि त्यात वसाबी नसेल तर तिथेच थांबा.

खप बघा. सॅल्मनचा तुकडा एकदा सोडवला की तो एक-दोन दिवसांत संपायला हवा. नाशिकमध्ये मांसाहाराचा खप वारांवर चालतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशीला निम्मी टेबलं शाकाहारी होतात आणि श्रावणात तर विचारूच नका. कच्च्या माशाचं काही खायचं तर शुक्रवारी किंवा रविवारी संध्याकाळी, जेव्हा माल हलतो. श्रावणात जायचंच असेल तर भाजीचे रोल मागवा. त्या महिन्यात तेच ताजे असतात आणि कारागिरालाही त्यावर लक्ष द्यायला वेळ असतो. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेलेली असेल त्या दिवशी जनरेटर आहे की नाही याचा शोध घेत बसू नका, सरळ शिजवलेलं खा.

ताटलीतल्या माशाला वास येता कामा नये, म्हणजे "माशाचा वास" सुद्धा नाही. कडा सुकलेल्या, करड्या किंवा चिकट असतील तर परत पाठवा. गरोदर बायका, लहान मुलं, फार वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. धुरवलेला सॅल्मन शिजलेला असतो असं अनेकांना वाटतं. पातळ कापांचा, मऊ, चकचकीत असा जो येतो तो बहुधा थंड धुराचा, म्हणजे न शिजलेला असतो.

आणि परवान्याचं बघा. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाकडे एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी क्रमांक हवा, तो दुकानात लावलेला हवा आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापायचा आहे. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की परवाना चालू आहे का ते कळतं. परवाना म्हणजे चवीची हमी नाही. पण जो तो छापायची तसदी घेत नाही, तो फ्रीजरचं तापमान लिहून ठेवत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

७. शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

नाशिकमध्ये स्वस्त आणि चांगल्या सुशीचा खरा फायदा शाकाहाऱ्यांनाच आहे. काकडी, अॅव्होकॅडो, अॅस्परॅगस टेंपुरा, शिताके मशरूम, ढोबळी मिरची, क्रीम चीज, लोणच्यातला मुळा हे सगळं चालतं, कच्च्या माशाची भानगड नाही. नोरी समुद्रातली असली तरी वनस्पतीवर्गातच धरतात, मासा नव्हे.

पण हिरव्या ठिपक्यावर थांबू नका. हे विचारा:

- मिसो सूपच्या पाण्यात दाशी आहे का? दाशी म्हणजे सूपचा पातळ रस्सा, पारंपरिक दाशी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते.
- मेयोनीज बिनअंड्याचं आहे का? आपल्याकडे बरंच असतं, जपानी पद्धतीच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं.
- टेंपुराच्या पिठात अंडं आहे का, आणि कोळंबी तळलेल्याच तेलात भाजी तळता का?
- सुरी-पाटी वेगळी आहे का?
- वर भुरभुरलेले केशरी दाणे माशाची अंडी आहेत का?
- सॉसमध्ये मिरिन आहे का? मिरिन ही तांदळाची गोड दारू.

जैनांनी आलं, मुळा, मशरूम आणि लसूणवाला तिखट मेयो आधीच काढायला सांगायचा. काकडी-अॅव्होकॅडोचा रोल, आलं बाजूला न देता, कुणीही करून देतो.

८. बिल: तुकड्याचा हिशोब करा

प्लेटच्या भावावर जाऊ नका, तुकड्याचा भाव काढा. एकीकडे २८० रुपयांत ४ तुकडे म्हणजे तुकडा ७० ला. दुसरीकडे ४४० रुपयांत ८ म्हणजे ५५ ला. पहिली प्लेट स्वस्त दिसते, आणि मेनूकार्डाची तीच इच्छा असते. तुकड्याची जाडीही बघा. काही ठिकाणी एकाच गुंडाळीचे ६ ऐवजी ८ काप पाडतात.

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४४० चे ४६२. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, म्हणजे तेच ५१९ च्या पुढे. सेवाशुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते सक्तीचं करता येत नाही असंच सांगितलं. शांतपणे काढायला सांगा, आणि वाढणाऱ्या मुलाला टीप वेगळी द्या.

दोन रोलच्या सोळा तुकड्यांत दोन भुकेल्या माणसांचं पोट भरत नाही. रोल वाढवत नेलेत तर बिल फुटतं. दोन रोल आणि एक गरम वाटी, म्हणजे रामेन किंवा उदोन (रश्शातल्या जपानी नूडल्स) किंवा साधा फ्राइड राइस, हा दोघांसाठी शहाणा बेत. सोबत काही घ्यायचं तर नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन सुशीबरोबर छान जाते. पण पेल्याचा भाव रोलइतका असतो आणि मद्यावर जीएसटीऐवजी व्हॅट लागतो, तेव्हा ती बजेटच्या बाहेरची गोष्ट.

"एकावर एक फुकट" दिसलं की वेळ बघा. दुपारी बारा ते चार असेल तर ठीक, दुपार भरायची असते. रात्री दहानंतर असेल तर भात संपवायचा असतो.

९. घरपोच मागवताना

अॅपवरचा भाव रेस्टॉरंटमधल्या भावापेक्षा बऱ्याचदा चढा असतो, वर पॅकिंग आणि पोहोचवणं. जागा दोन-तीन किलोमीटरवर असेल तर फोनवर सांगून स्वतः आणा. साधारण पाच किलोमीटरच्या पलीकडून, किंवा एप्रिल-मेच्या दुपारी, कच्चा मासा मागवू नका. हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर असं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि आपल्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो. टेंपुराचा रोलही डब्यात वाफ धरून मऊ पडतो. प्रवासाला सगळ्यात टिकाऊ म्हणजे काकडी-अॅव्होकॅडो आणि इनारी. उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्याला न्यायचं नाही.

१०. मुंबईला जाल तेव्हा

निगिरी आणि साशिमीची खरी ओळख करून घ्यायची असेल तर ती मुंबईत करा. तिथे खप आहे, म्हणून माल हलतो. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन कामं उरकून रात्री परत येणाऱ्यांना हे सहज जमतं. वांद्र्यात इझुमी आणि कोफुकू ही जपानी जेवणासाठी ओळखीची नावं आहेत. ताजमहाल पॅलेसमधलं वसाबी बाय मोरिमोतो २००४ पासून आहे, पण तो खर्च वाढदिवसाचा. दुपारचा सेट मेनू असतो का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी तोच सगळ्यात परवडतो. तिथे चार तुकड्यांची चांगली निगिरी एकदा खाल्ली की नाशिकमध्ये काय मागायचं आणि कशाचा नाद सोडायचा हे आपोआप कळतं. परतीच्या गाडीत पार्सल आणायचं नाही, कसारा चढेपर्यंतच तासांचा हिशोब बिघडतो.

११. काहीच धड सापडलं नाही तर घरी

नोरीचा दहा पानांचा पुडा, तांदळाचं व्हिनेगर आणि बांबूची छोटी चटई मोठ्या सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन मिळते. बाकी सगळं भाजीबाजारात आहे. एक वाटी इंद्रायणी पाणी निवळेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, वाटीला वाटी आणि वर जरासं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. तांदूळ नवा असेल तर ते वरचं पाणी घालू नका. दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ कोमट करून विरघळवा, गरम भातावर शिंपडा आणि उलथन्याने कापल्यासारखं मिसळा, घोटू नका. पंख्याखाली कोमट होऊ द्या. नोरीच्या खरखरीत बाजूवर ओल्या हाताने पातळ थर द्या, वरची दोन बोटं पट्टी मोकळी सोडा, काकडीच्या लांब फोडी ठेवून वळा. सुरी दर कापाला ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर भात ओढला जातो.

घरी कच्चा मासा अजिबात नको. उकडलेली कोळंबी किंवा कडक ऑम्लेटच्या पट्ट्या पुरे. उघडलेला नोरीचा पुडा पावसाळ्यात घट्ट डब्यात ठेवा. तरीही सादळला तर पान चिमट्यात धरून गॅसच्या आचेवरून दोन-तीनदा पटकन फिरवा, पुन्हा कुरकुरीत होतं.